चार मोजेपर्यंत

तर झालं काय, सकाळच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या बाईंनी चिमटीच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इस्त्रीचं टोक ना गं हे?" बस्स, एवढंच. बाई शिवणकाम करणाऱ्या असणार, कारण गळ्यातली मोजपट्टी काढायची राहूनच गेली होती आणि मांडीवरच्या पिशवीतून कापडाची सुतं बाहेर डोकावत होती. चिमटीने उकडतंय म्हणून बाही कोपरापर्यंत सारलेली, त्यामुळे मनगटाच्या वर चार बोटांवरचा तो डाग उघडाच पडला होता. होडीसारखा, एका बाजूला निमुळता, बाकीच्या कातडीपेक्षा जरा जास्तच गुळगुळीत. तिच्या तो लक्षातही नसतो. स्वतःच्या कानाची पाळी कुठे कुणाच्या लक्षात असते, तसं. "हो, इस्त्रीचंच," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य न विचारताच तोंडातून बाहेर पडलं, "लहानपणी ताईच्या हातून झालं." हे वाक्य तिने शाळेत म्हटलं होतं, कॉलेजात म्हटलं होतं, नोकरीच्या आधीच्या डॉक्टरी तपासणीत म्हटलं होतं, एका मुलाने हात हातात घेऊन विचारलं तेव्हा जरा हळू आवाजात म्हटलं होतं. म्हणून म्हणून वाक्यही डागासारखंच गुळगुळीत झालेलं. पण बाई काही गप्प बसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याही हातून एकदा एका पोरीला लागली होती. तिचा डाग गेला की गं, लग्नात बघितलं मी, औषधाला नव्हता. मी मात्र अजून इस्त्री झाली की वायर काढून हातात धरून बघते. निघालीय ना, म्हणून. हातात असते तरी बघते." आणि हसल्या. चिमटीही हसली. मग तिचा स्टॉप आला, ती उतरली, बस गेली, आणि ती फुटपाथवर तशीच उभी. पाठीमागून कुणाची तरी पिशवी तिला घासून गेली, कुणीतरी "अहो, चला की" म्हणालं, तरी ती उभीच. कारण ताईच्या हातून काहीही झालेलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, म्हणजे नेहमीच माहीत होतं, पण आत्ता, सव्वाआठ वाजता, भर रस्त्यात, कुणीतरी आठवण करून द्यावी तसं माहीत झालं.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नाही. ते ताईने ठेवलेलं, कारण पोरगी जे दिसेल ते दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायची: मुंगी, बर्फ, मेणबत्तीची वात, मावशीच्या कानातला डूल, मावशी झोपलेली असताना. कंपनीत ते नाव कळलं ते फोनमुळे. जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला होता, स्पीकर चुकून चालू राहिला, आणि "चिमटे, जेवलीस का गं?" हे सगळ्या टेबलाने ऐकलं. संपला विषय. आता विभाग सांभाळणाऱ्या मोठ्या मॅडमसुद्धा मीटिंगमध्ये कधीकधी चिमटी म्हणतात आणि मग दोन मिनिटं कागदात बघतात. कंपनी वेफर बनवते. यावर मावशीचा विनोद ठरलेला आहे, खारे की तिखट, आणि येताना दोन पाकिटं आण, आणि चिमटीने चारशे वेळा सांगून झालंय की मावशी, ही सिलिकॉनची चकती असते, आरशासारखी, हिचे तुकडे करून फोनमध्ये घालतात. मावशी म्हणते, म्हणजे खायची नाही, मग एवढी शिकलीस कशाला. आता चिमटीचं त्यातलं काम काय, तर शेक देणं. कागदावर लांबलचक नाव आहे, पण विभागात सगळे शेकच म्हणतात. या चकतीत बाहेरचे अणू जोराने ठोकून बसवलेले असतात, आणि त्या ठोकाठोकीत आतले बिचारे जागचे हललेले असतात, गच्च भरलेल्या बसमध्ये आणखी चार माणसं कोंबल्यावर होतं तसं. मग वरून लेझरचा शेक द्यायचा. गरम झालं की सगळे जरा सैलावतात, इकडे सरका, तिकडे सरका करत आपापल्या जागेवर नीट बसतात, नवेही आणि जुनेही. पण गंमत अशी की खालच्या थरात तारा आधीच घालून झालेल्या असतात, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या, आणि तिथपर्यंत ऊब गेली की त्या वितळल्याच म्हणून समजा. म्हणजे वरच्याला पोचलं पाहिजे आणि खालच्याला पत्ता लागता कामा नये. म्हणून शेक किती वेळ द्यायचा, तर एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातल्या एका तुकड्याच्याही आत हात काढून घ्या. गेली दोन वर्षं चिमटी तेवढंच करतेय. हात कधी काढून घ्यायचा. आणि तिला ते मनापासून आवडतं. सकाळी चहा पिताना कपाला बोट लावून काढते तेव्हासुद्धा ती मनात मोजत असते.

फाटकातून आत जाताना तिला आठवलं की आज शुक्रवार. म्हणजे सोमवारपासून मामा पॅकिंगला जाणार. मामा म्हणजे लेझरचं मशीन चालवणारे, सत्तावीस वर्षं याच इमारतीत, कुणाचेच सख्खे मामा नाहीत आणि सगळ्यांचेच मामा. महिन्यापूर्वी तीन वेफर जळल्या. जळल्या म्हणजे वरून बघाल तर एकदम चकाचक, नक्षी जिथल्या तिथे, मामांनी तर शाबासही म्हटलं होतं. पण आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तर खालच्या तारा मेणासारख्या ओघळलेल्या. एकेक वेफर म्हणजे तीन महिन्यांचं काम, कितीतरी हातांखालून गेलेलं. आता असं आहे की मशीनमध्ये दोन रेसिपी, म्हणजे शेकाचे ठरवून ठेवलेले आकडे, शेजारी शेजारी, सात-अ आणि सात-ब. सात-ब जाड वेफरसाठी, जास्त कडक. मशीन फक्त शेवटच्या पन्नास फेऱ्या लक्षात ठेवतं, आणि चौकशी सुरू होईपर्यंत त्या पन्नास होऊन गेल्या होत्या. तेव्हा सगळ्यांनी मिळून असं ठरवलं, ठरवलंही नाही खरं तर, ते आपोआपच ठरलं, की मामांनी चुकून सात-ब दाबलं असणार. मामा म्हणाले, मी सात-अच दाबलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मला तरी वाटतंय सात-अच दाबलं. आठवड्याने म्हणाले, काय माहीत बाबा. मोठ्या मॅडम ओरडल्या नाहीत, त्या कधीच ओरडत नाहीत, म्हणाल्या, "मामा, थोडे दिवस पॅकिंगला बसा, तिकडेही अनुभवी माणूस हवाय." आणि मामा "बरं" म्हणाले. त्या एका "बरं"ने चिमटीला दोन रात्री झोप नव्हती, पण तेव्हा तिला कारण कळलं नव्हतं. कारण कळलं त्यानंतरच्या मंगळवारी, स्वतःची वही चाळताना. सात-अ चा आकडा तिनेच ठरवला होता. कोऱ्या वेफरवर. कोरी वेफर आरसा असते, अर्ध्याहून जास्त उजेड परत फेकते, तिला कडकच शेक लागतो. नक्षीची वेफर काळपट, थरांवर थर चढलेली, ती उजेड गपागप पिते. तोच आकडा नक्षीवर चालवला तर सात-अ काय आणि सात-ब काय, जळणारच. हे काही गुपित नव्हे, पहिल्याच वर्षी शिकवतात. पण नक्षीची वेफर मागायची तर अर्ज, कारण, तीन सह्या. म्हणून तिने आधी कोऱ्यावर बसवून घेतलं होतं आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, नक्षीवर बघणे बाकी. भोवती गोलसुद्धा काढला होता. आणि मग ती विसरली. गोल तसाच.

बरं, तेव्हाच सांगायचं ना? तेच तर. आधी वाटलं, पक्की खात्री करून मग सांगू. मग वाटलं, नवा आकडाच तयार ठेवून सांगू, नुसतं रडगाणं काय गायचं. मग वाटलं, आता दोन आठवडे झाले, आता सांगितलं तर म्हणतील दोन आठवडे काय झोपली होतीस. रोज सांगणं थोडं थोडं जड होत गेलं. तिने गुपचूप सात-अ चा आकडा खाली आणून ठेवला, अंदाजपंचे, कारण नक्षीची वेफर मागायची तर कारण लिहावं लागणार, आणि कारण तर तेच. आज तीन वाजता त्या अंदाजावर नवी वेफर चालवायची होती. पुन्हा जळली तर लेझर झाकून ठेवायचं आणि जुन्या भट्टीकडे परत जायचं, हे मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलेलं. म्हणजे तिची दोन वर्षं जाणार, आणि मामा तर सोमवारी जाणारच होते. आणि इतके दिवस तिने स्वतःला काय सांगितलं होतं? की मामांना पॅकिंग बरंच आहे, तिथे खुर्ची मिळते.

दुपारपर्यंत तिने जे काही केलं त्यातलं तिला काही आठवत नाही. आठवत होती ती दुसरीच दुपार. खोलीत शाळेच्या गणवेशांचा ढीग, ओल्या कापडाचा वास, ताई चौदा वर्षांची, केस वर बांधलेले, जिभेचं टोक दातात धरून कॉलरला इस्त्री करतेय, आणि चिमटी नऊ वर्षांची, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघतेय. शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली, ताईने इस्त्री उभी करून ठेवली, नीट, टाचेवर, जशी ठेवायची तशी, वायरही बाजूला सारली, आणि "हात लावशील तर बघ" म्हणून दारात गेली. हात लावशील तर बघ. चिमटीला तर बघायचंच होतं. तिने बोट लावून काढलं: काहीच नाही. जरा जास्त वेळ: गरम. मग तिच्या डोक्यात आलं की बोटाची कातडी राठ असते, हाताची मऊ, दोन्हीत फरक किती ते मोजलं पाहिजे. म्हणून तिने इस्त्री उचलली आणि टोक हातावर टेकवून मोजायला लागली. एक. दोन. आणि यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ती मोजण्यातच रमली. दुखणं कुठूनतरी लांबून येत होतं, आणि ते येऊन पोचायच्या आत तिचे चार झाले होते. मग इस्त्री पडली, किंकाळी, ताई धावत आली, पाणी, रडारड, आणि संध्याकाळी आई कामावरून आल्यावर एकच प्रश्न. "कसं झालं?" चिमटी म्हणाली, "ताईने तिथे ठेवली होती, माझा हात लागला." ताईने तिच्याकडे बघितलं. तिला खरंच माहीत नव्हतं ना, ती दारात होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागाचं नव्हतं. आठवण्याचा प्रयत्न होता तो. मी उभी ठेवली होती का? आडवी राहिली का? आईने मारलं नाही, रागावलीसुद्धा नाही, दोन दिवस ताईशी बोलली नाही आणि इस्त्री कपाटावर ठेवून दिली. चिमटीचा हात पंधरा दिवसांत बरा झाला. आणि ताई? ताई आजही घरातून निघाली की अर्ध्या जिन्यातून परत वर जाते. इस्त्री, गॅस, नळ, कुलूप. भावजी म्हणतात, आमच्या घराला कुलूप तीनदा लागतं, चोर कंटाळून निघून जाईल. सगळे हसतात. चिमटीच सगळ्यांत जास्त हसते, "ताई, आता चौथ्यांदा बघून ये" म्हणते. एकोणीस वर्षं हा घरातला विनोद आहे, आणि त्यातला अर्धा विनोद चिमटीनेच केलेला.

पावणेतीनला ती पांढरा पोशाख चढवून मशीनच्या खोलीत गेली, जिथे धुळीचा कणही चालत नाही. तिथे आत गेलं की सगळे सारखेच दिसतात, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, तोंडावर पट्टी, फक्त डोळे उघडे, आणि माणूस ओळखायचा तो चालण्यावरून. मामा मशीनपाशी उभे. काचेपलीकडे कॉरिडॉरमध्ये मॅडम, आणि त्यांच्यामागे भट्टी विभागाचे दोघं, हाताची घडी घालून, कुणाच्या तरी लग्नात जेवणाची वाट बघत उभे राहतात तसे. मामांनी वेफर चढवली, दार लावलं, पडद्यावरून बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "सात-अ. बरोबर? सात-अ." चिमटी म्हणाली, "बरोबर." मामा बाजूला झाले. दोन पावलं गेले आणि परत आले. पुन्हा बोट. "सात-अ." परत गेले. हातमोजे नीट केले. आणि मग तिसऱ्यांदा वळले, जरा ओशाळून, "एकदा बघून घेतो गं," म्हणत परत आले, आणि त्या वळण्यात, खांद्याच्या त्या किंचित झुकण्यात, चिमटीला जिन्यात अर्ध्यावरून परत फिरणारी ताई दिसली. दिसली म्हणजे अगदी दिसलीच. पांढऱ्या पोशाखात, साठीला आलेली, तीच मान, तोच हात पुढे. हे याआधी मामांचं नव्हतं. सत्तावीस वर्षं मामा एकदा बघून बटण दाबायचे आणि गाणं गुणगुणायचे. गाणंही कधी बंद झालं होतं कोण जाणे.

"मामा, थांबा," ती म्हणाली.

"का गं? चुकलं का?"

"तुमचं नाही."

काचेशेजारी भिंतीवर बोलायचं बटण आहे. ते दाबून धरलं तरच पलीकडे ऐकू जातं, सोडलं की बंद. ती तिथे गेली आणि तिने अंगठा ठेवला. पलीकडे मॅडमनी भुवया वर केल्या. चिमटी म्हणाली, "मॅडम, त्या तीन वेफर मामांनी नाही जाळल्या. त्यांनी सात-अच दाबलं होतं. सात-अ चा आकडाच चुकीचा होता. मी तो कोऱ्या वेफरवर ठरवला होता, नक्षीवर बघायचं राहून गेलं." इथे अंगठा सोडावासा वाटला. एवढं पुरे होतं खरं तर. पण तिने धरून ठेवला. "आणि हे मला आज नाही कळलं. दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी कळलं. तेव्हा मी बोलले नाही. आत्ताचा आकडाही अंदाजाने घातलाय." मग सोडला. अंगठ्याच्या टोकाला बटणाचा वर्तुळाकार ठसा रुतला होता, हातमोज्यातूनसुद्धा जाणवत होता.

 भट्टीवाल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मॅडमनी त्यांच्या बाजूचं बटण दाबलं. "वही आहे?"

"आहे. गोल करून लिहिलंय. नक्षीवर बघणे बाकी."

"स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंयस आणि विसरलीस?"

"हो."

"आणि मग आठवल्यावर परत विसरलीस."

 मॅडम काचेतून तिच्याकडे बघत राहिल्या. तशी दिसत काय असणार, पट्टी आणि दोन डोळे. "अहवालात हे जसं बोललीस तसंच लिहायचं, तारखेसकट. खाली सही तुझी," मॅडम म्हणाल्या. "आता सांग, बरोबर आकडा काढायला काय लागेल?"

"नक्षीची एक वेफर. आणि आजची संध्याकाळ."

"दोन घे. सह्या मी बघते." आणि मग जरा आवाज बदलून, "मामा, ऐकताय ना? सोमवारचं रद्द. आणि माझ्याकडून, म्हणजे..." बटण सुटलं. पुढचे शब्द नुसते ओठांवर दिसले. मामांनी मान हलवली, ऐकू आल्यासारखी.

चिमटी वळली. मामा तसेच उभे, हात पडद्याजवळ. "म्हणजे मी सात-अच दाबलं होतं," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. चवीने म्हटलं त्यांनी ते. "पहिल्या दिवशी मी तेच म्हणालो होतो. मग सगळे इतके समजुतीने बोलायला लागले ना, की मलाच वाटलं, झालं, म्हातारे झालो आपण."

"मामा, मी..."

"थांब. माझं होऊ दे. मी डोळे तपासून आलो, माहितीये? हा चष्मा बघ आतमध्ये. नवा आहे. बायको म्हणाली, नुसती फ्रेम चांगली दिसते म्हणून घेतलात." ते तिच्याकडे बघत राहिले, बराच वेळ, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते सगळंच काही गोड नव्हतं, ते तिने नीट बघून घेतलं, नजर खाली केली नाही. मग मामा म्हणाले, "चष्मा मात्र चांगला निघाला. लांबचं एकदम स्वच्छ. चल, वही काढ. आणि आजपासून महिनाभर माझा चहा तुझ्याकडे. साखर तीन चमचे, डॉक्टरांना सांगायचं नाही."

पुढचे अडीच तास कसे गेले म्हणाल तर भुर्रकन गेले. नक्षीच्या वेफरवर त्यांनी छोटे छोटे चौकोन आखून घेतले, आणि एकेका चौकोनाला वेगळा शेक, हलका, त्याहून जरा कडक, आणखी कडक. आणि चिमटीच्या वहीत दोन वर्षं जे पडून होतं ते एकदाचं बाहेर आलं: एकच मोठा तडाखा द्यायचा नाही, दोन छोटे द्यायचे आणि मध्ये वेफरला दम खाऊ द्यायचा, आणि एका पट्ट्याला शेक दिला की लगेच शेजारच्याला द्यायचा नाही, एक सोडून पुढचा घ्यायचा, पहिला निवला की मग मधल्याकडे यायचं. वेळ जास्त लागतो. पण ऊब साठत नाही, वरच्या वर राहते. मग प्रत्येक चौकोनाखालच्या तारांतून वीज सोडून बघायची, जाते की नाही. मामा आकडे वाचत होते, चिमटी लिहीत होती. पहिले पाच: तारा शाबूत, पण वरचे अणू अजून उभेच, शेक कमी. सहावा बरा. सातवा, आठवा, नववा: वर सगळे जागेवर बसलेले आणि खाली वीज खळखळून वाहतेय. दहाव्याला तारा गेल्या. आत्तापर्यंतचा तिचा अंदाजाचा आकडा अकराव्या चौकोनात पडत होता. म्हणजे तीन वाजता बटण दाबलं असतं तर ती वेफरही गेलीच होती. हे तिने मामांना दाखवलं. मामा म्हणाले, "अकरावा का? वा. अंदाज झकास आहे तुझा." साडेपाचला आठव्या चौकोनाचा आकडा घालून अख्खी वेफर चालवली. मामांनी पडद्यावर एकदा बोट ठेवलं, वाचलं, बाजूला झाले. चिमटी वाट बघत होती. ते वळले नाहीत. एका कडेला बोटभर जागा जराशी धुरकट आली, ती पुढच्या आठवड्यात बघू, पण तारा सगळ्या जिवंत. भट्टीवाले दोघं कधी निघून गेले ते कुणी पाहिलंच नाही. आणि पोशाख काढायच्या खोलीत, बूट घालता घालता, मामांनी नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली, सूर कुठल्या कुठे, आणि चिमटीला वाटलं, असंच बसून राहावं, एक बूट हातात घेऊन.

पण ती बसली नाही, सरळ ताईकडे गेली. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. ताई निघायच्याच तयारीत होती, भावजींना बस स्टॉपवरून घेऊन दोघं चप्पल आणायला जाणार होते. "आज कुठे उगवलीस? चल, तूही चल, तुझ्या भावजींना चप्पल पसंत करायला तिघं लागतात." कुलूप लावलं, ओढून बघितलं, दोघी उतरायला लागल्या. पहिलं वळण झालं आणि ताईची पावलं मंदावली. चिमटीला ते न बघता कळलं. "आलेच हं," ताई म्हणाली, "सकाळी इस्त्री केली होती. तू हो पुढे."

"ताई, थांब ना. तू तेव्हा इस्त्री उभीच ठेवली होतीस."

"कधी? सकाळी?"

"नाही गं. तेव्हा." चिमटीने बाही वर केली. "टाचेवर उभी ठेवली होतीस, वायरसुद्धा बाजूला केली होतीस. मी बघत होते. मी उचलली. मीच लावली हाताला. आईला मी खोटं सांगितलं."

ताई दोन पायऱ्या वर होती, कठड्याला धरून. ती हळूच खाली बसली, पायरीवरच, पर्स मांडीवर घेऊन.  खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिटी देऊन गप्प झाला. "मुद्दाम लावलीस?" तिने विचारलं. "कशाला?"

"मोजत होते. किती वेळाने लागतं ते."

"मोजत होतीस," ताई म्हणाली. "किती झालं होतं?"

"चार."

"चार." ताईने तिचा हात ओढून घेतला आणि तो डाग जवळून बघितला, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा; आणि खरंच, एकोणीस वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता, हे चिमटीच्या आत्ता लक्षात आलं. ताईचं बोट गार होतं. "मला ना, अजून स्वप्नात ती इस्त्री आडवी दिसते," ती म्हणाली. "कितीदा आठवून बघितलं मी. प्रत्येक वेळी जरा जास्तच आडवी दिसायची." मग तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला हसू यायला लागलं, दोन्ही एकदम, आणि ते काही तिला आवरेना. "एकोणीस वर्षं जिने चढतेय गं मी. गुडघे गेले माझे. आणि तू वर म्हणायचीस, चौथ्यांदा बघून ये. मार खाशील तू माझ्या हातचा."

"मार ना."

"मारणार आहे. आज नाही. चप्पल घेऊन झाल्यावर, नव्या चपलेने." तिने पदराने... नाही, पदर कुठला, ओढणीच्या टोकाने नाक पुसलं, आणि उठली. वर बघितलं, दाराकडे. मग खाली. "मग जाऊ का नको बघायला?"

"तुझं तू बघ."

ताई खाली उतरायला लागली. दुसरा मजला, पहिला मजला, चिमटी तिच्या मागे एक पायरी सोडून. खाली लोखंडी फाटकाशी ताई थांबली. हात फाटकावर ठेवला आणि तशीच राहिली, मान किंचित वळलेली, खांदा झुकलेला.  चिमटीने हात खिशात घातले आणि मनात मोजायला लागली, सवयीने. एक. दोन. रस्त्यावरून एक सायकल गेली. तीन. चार व्हायच्या आत ताईने फाटक ढकललं, बाहेर पाऊल टाकलं आणि मागे न बघता म्हणाली, "घर जळलं ना, तर आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येणार. आत्ताच सांगून ठेवते."